गच्चीवर वाळत घातलेला पुरावा

आमचा कलेक्टर आजारी पडला तेव्हा त्याने पहिली उलटी माझ्या नव्या इरकलीवर केली.

(कलेक्टर हा आमचा कुत्रा. घरात एक तरी कलेक्टर व्हावा अशी माझ्या सासऱ्यांची फार इच्छा होती. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे यजमान, विमा कचेरीत कारकून झाले. सासऱ्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली, आणि शेवटी घरात एक पिल्लू आलं तेव्हा त्यांनी आपली इच्छा पूर्ण करून घेतली.)

तोवर हा कलेक्टर ज्वारीची भाकरी आणि दूध यावर वाढलेला. कधीमधी शेंगाचटणीचा डबा उघडा राहिला तर त्यातही त्याचं तोंड असायचं. तब्येत अशी की दारात आलेला पोस्टमन पत्र आत न टाकता कुंपणावरून फेकायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. पण मी शाळेत भूगोल शिकवते, आणि सुट्टीच्या तासाला मोबाइल बघते. त्यात एकदा वाचलं की कुत्र्याला भाकरी देऊ नये, दूध देऊ नये, आणि तिखट तर मुळीच देऊ नये. मला धक्काच बसला! म्हणजे इतकी वर्षं आपण एका मुक्या जीवाचा छळ करत होतो!

त्याच संध्याकाळी मी दुकानातून शास्त्रीय कुत्रेखाद्याची भलीमोठी पिशवी आणली. (कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांच्याकडे वकील आहेत आणि माझ्याकडे फक्त नवरा आहे.) पिशवीवर एक परदेशी कुत्रा हसत होता. इतकं प्रसन्न हसू मी आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

सासूबाईंनी पिशवीत हात घालून मूठभर दाणे बाहेर काढले. त्या अक्कलकोटकडच्या. डोळ्याचं एक ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं त्या करू देत नाहीत.

"ह्ये काय गं? लेंड्या आणल्यास व्हय बकरीच्या?"

"आई, हा संतुलित आहार आहे. ह्यात प्रथिनं आहेत, जीवनसत्त्वं आहेत, सगळं आहे!"

"यवढं चांगलं हाय तर तूच खा की!"

पालथ्या घड्यावर पाणी! मी लक्ष दिलं नाही. कलेक्टरने ते दाणे आवडीने खाल्ले, त्याच्या अंगावर तकाकी आली, आणि मग मला राहवेना. सोलापुरातल्या आमच्या अख्ख्या शुक्रवार पेठेला मी आहारशास्त्र शिकवायला सुरुवात केली. समोरच्या येमूल काकांना सांगितलं. त्यांनी त्यांच्या स्वीटीसाठी तीच पिशवी आणली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रफीकभाईंना सांगितलं. त्यांनी शेरासाठी आणली. "मॅडम बोले तो बराबरच बोले होंगे," असं ते दुकानदाराला म्हणाले, हे ऐकून मी दिवसभर तरंगत होते.

आणि मग ती नवीन पिशवी आली. चित्र तेच, हसू तेच. दुसऱ्याच दिवशी कलेक्टरने खाणं सोडलं, माझी इरकल भिजवली आणि देवघराशेजारी अंग टाकलं. मी हाक मारली तर शेपूट हलवायचा त्याने प्रयत्न केला, पण शेपटीचं फक्त टोकच हललं.

जनावरांच्या डॉक्टरांकडे त्याला रिक्षातून नेलं. पाहते तर तिथे बाकावर येमूल काका, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली स्वीटी! आणि दारातून आत येतायत रफीकभाई, खांद्यावर शेरा! शेरा म्हणजे वासराएवढा कुत्रा. त्याची मान रफीकभाईंच्या पाठीवर लोंबत होती.

"काय खायला दिलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

येमूल काकांनी माझ्याकडे पाहिलं. रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला तर वाटलं, स्वीटीनेसुद्धा पाहिलं.

"ह्या म्याडमनी सांगिटलेलं खाणं," येमूल काका म्हणाले.

तिघांनाही सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, माल खराब आला असणार, बुरशीचा संशय आहे, उरलेले दाणे जपून ठेवा, तपासावे लागतील. मी कलेक्टरच्या डोक्यावर हात ठेवून बसले आणि खरं सांगते, मला रडू आवरेना. ज्या जिवाला भाकरीवर काही झालं नाही, त्याला मी शास्त्र खायला घालून मरणाच्या दारात नेलं होतं.

कुत्री वाचली. पण मी काही गप्प बसणारी नव्हे! कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ बासरी ऐकली, मग एक गोड आवाजाची मुलगी आली.

"नमस्कार मॅम! आपला लाडका पेट कसा आहे?"

"सलाइनवर आहे!"

"अरे वा मॅम! आमच्याकडून त्याला खूप खूप प्रेम!"

मी फोन कानापासून दूर धरून नंबर बरोबर लागलाय का ते पाहिलं. मग सगळी हकिकत सांगितली. तिने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "मॅम, आमचं उत्पादन सुरक्षितच असतं. आपल्या पेटचं पोट नाजूक असेल."

"अहो, एका गल्लीतल्या तीन कुत्र्यांची पोटं एकाच दिवशी नाजूक झाली का?"

"होऊ शकतं मॅम. हवामान बदलतंय. उत्पादन कोरड्या जागी ठेवावं मॅम."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवामान मला सांगते! मी भूगोलाची शिक्षिका! "हे बघा," मी म्हटलं, "मला भरपाई नको. दोनच गोष्टी हव्यात. दुकानातला हा माल उचला, नाहीतर उद्या आणखी कुणाचा जीव जाईल. आणि कंपनीच्या कुणीतरी मला एकदा, फक्त एकदा, सॉरी म्हणा!"

"आपली भावना पुढे पोचवते मॅम," असं म्हणून तिने पुन्हा बासरी लावली.

मग मी व्हिडिओ केला. कलेक्टरला मांडीवर घेऊन बसले (माझी मांडी दिसेनाशी झाली) आणि डोळ्यांत पाणी आणून बोलले. मध्येच त्याने कॅमेरा चाटला, ते तसंच ठेवलं. तो व्हिडिओ सोलापूरभर फिरला. आम्ही लगेच 'श्वानपालक संघर्ष समिती' काढली. अध्यक्ष मी, कार्याध्यक्ष येमूल काका, सरचिटणीस रफीकभाई, सदस्य कुणीच नाही. रविवारी दुकानावर मोर्चा नेला. 'कलेक्टरला न्याय मिळालाच पाहिजे! कलेक्टरला विष घालणाऱ्यांचा धिक्कार असो!' अशा घोषणा आम्ही दिल्या मात्र, कोपऱ्यावरचा हवालदार चहा टाकून पळत आला.

"ओ बाई! साहेबास्नी कुणी विष घातलं?"

त्याला खरा कलेक्टर दाखवला तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. पण गर्दी जमली, कुणी कुणी फोटो काढले, आणि मग कंपनीला घाम फुटला. निरोप आला की पुण्याहून आमचे विभागीय अधिकारी सबनीस साहेब स्वतः आपल्या घरी येतील, खाद्याचा नमुना आपल्यासमोर सीलबंद करतील आणि तपासणीला नेतील.

आता नमुना होता फक्त माझ्याकडे. येमूल काकांनी त्यांची पिशवी रागारागाने कचरागाडीत टाकली होती आणि रफीकभाईंनी खड्डा करून पुरली होती. म्हणजे साऱ्या लढ्याची मदार माझ्या अर्ध्या पिशवीवर! मी ती उघडून पाहिली तर दाणे दमट लागले. मला त्या गोड आवाजाच्या मुलीचं 'कोरड्या जागी ठेवावं' आठवलं. उद्या हेच साहेब म्हणतील, तुम्हीच ओलाव्यात ठेवलंत! अशी पळवाट त्यांना ठेवायची नाही, असं मी ठरवलं.

आणि सोलापुरात उन्हाळ्यात एखादी गोष्ट कोरडी करायची तर माणूस काय करतो? गच्चीवर नेतो. आमच्याकडे चैत्रात सगळ्या गच्च्या पापड, कुरडया, शेवया आणि सांडगे यांनी भरलेल्या असतात. मोकळी गच्ची दिसली तर लोक विचारतात, घरात कुणी आजारी आहे का? मी सकाळी गच्चीवर गेले. सासऱ्यांचं एक जुनं पांढरं धोतर पसरलं आणि त्यावर पुरावा वाळत घातला. शेजारीच सासूबाईंचे सांडगे होते. (वाटलेल्या डाळीत कोहळा, मिरची, हिंग घालून त्याचे बोटाच्या पेराएवढे गोळे टाकतात, वाळवतात, आणि मग वर्षभर तळून खातात, ते सांडगे.) तेही पांढऱ्या धोतरावरच. सासरे आता नाहीत, पण त्यांची धोतरं आमच्याकडे पुष्कळ आहेत.

शाळेला जाताना मी ह्यांना बजावलं, "संध्याकाळी गच्चीवरचं कुत्र्याचं खाणं पिशवीत भरून चिमटा लावून ठेवा. विसरू नका!"

"हूं," हे म्हणाले. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, त्यासाठीच रजा टाकली होती.

विसरले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मी परत आले तेव्हा पिशवी भरलेली, चिमटा लावलेला, कोनाड्यात ठेवलेली. नवऱ्याने सांगितलेलं काम केलं, या धक्क्यातच मी इतकी होते की आत डोकावायचं मला सुचलं नाही.

स्वयंपाकघरात सासूबाई डबा भरत होत्या आणि फार खुशीत होत्या.

"यंदा सांडगे लई एकसारखे झाले बघ. हात बसला गं माझा!"

"वा!" मी चष्मा कपाळावर सरकवत म्हटलं. "मशीनमधून काढल्यासारखे दिसतायत!"

दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी सबनीस साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात लाखेची कांडी आणि मेणबत्ती. साक्षीदार म्हणून येमूल काका आणि रफीकभाई हजर होते. कलेक्टर अशक्त असल्याने त्याला मागल्या दारी बांधलं होतं.

"तक्रारदाराच्या घरी आम्ही पाणीसुद्धा घेत नाही," साहेब बसायच्या आधीच म्हणाले. "कंपनीचा नियम आहे."

"पाणी नगा घ्यू," सासूबाई आतून म्हणाल्या. "जेवायलाच वाढते."

"नाही नाही आजी, आधी नमुना!"

मी अभिमानाने पिशवी पुढे केली. साहेबांनी चिमटा काढून आत पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"दाणे जरा ओबडधोबड दिसतायत."

"तीच तर आमची तक्रार आहे, साहेब!"

"रंगही वेगळाच वाटतो. आणि हा वास... हिंगाचा?"

"येणारच!" मी हाताची घडी घालून म्हटलं. मी स्वतः पिशवीकडे बघतही नव्हते. मला ते दाणे डोळ्यांसमोर नको होते. "तुमच्या कारखान्यात काय काय मिसळतात ते देवाला ठाऊक! लिहून घ्या, वास येतो म्हणून!"

"हौ, लिखो लिखो," रफीकभाई म्हणाले.

साहेबांनी पिशवीचं तोंड बांधलं, लाख वितळवली, शिक्का मारला. आम्ही तिघांनी सह्या केल्या. काम झाल्यावर साहेब जरा सैल झाले, आणि नेमक्या त्याच वेळी आतून तळणाचा खमंग वास आला. पुण्याहून सकाळी निघालेला माणूस तो. त्याच्या नाकपुड्या हलल्या.

"आता नमुना झाला की," सासूबाई दारात आल्या. "आता तुमी पावणे. सोलापुरातनं उपाशी गेला तर आमी तोंड कुटं दाखवायचं?"

नियम वगैरे सगळं तिथेच संपलं. पानं मांडली. कडक भाकरी, शेंगाचटणी, डाळवांगं, आणि मधोमध ताटभर तळलेले सांडगे. येमूल काकांचा शनिवार होता. रफीकभाई जेवून आले होते. ह्यांना तळकट चालत नाही. सासूबाई सगळ्यांचं झाल्याशिवाय बसत नाहीत. तेव्हा पानावर दोघंच, मी आणि साहेब.

साहेबांनी एक सांडगा तोंडात टाकला. डोळे मिटले.

"अप्रतिम! काय कुरकुरीत! आजी, ह्यात काय घालता?"

"काय न्हाय, डाळ, कोहळा. हाताची चव हाय."

"नाही, काहीतरी वेगळं आहे. जरा... मांसाहारी म्हणवत नाही, पण भरीव चव आहे!"

मीही खाल्ले. खरंच यंदा काही निराळेच झाले होते. मी वर बोललेही, "आई, दरवर्षीपेक्षा छान!" सासूबाई लाजल्या आणि त्यांनी दोघांच्या पानात आणखी एकेक वाटी ओतली. साहेबांनी ती संपवली. मी माझी संपवली, आणि ताटात उरलेले वाया कशाला घालवायचे म्हणून तेही घेतले.

एवढ्यात मागल्या दारचा दोर सुटला आणि कलेक्टर आत आला. तो सरळ साहेबांच्या पानाशी गेला. त्याने सांडगे हुंगले. त्याची शेपटी पोटाशी गेली, कान मागे गेले, आणि तो गुरगुरत मागे मागे सरकला.

"तुम्हाला घाबरतोय," मी साहेबांना टोमणा मारला. "कंपनीचा माणूस ओळखतो तो."

मग तो वळला, त्याला टेबलावरची सीलबंद पिशवी दिसली, आणि काय अंगात आलं कोण जाणे, त्याने झेप घेतली! पिशवी खाली. लाख फुटली. पिशवी टराटरा फाटली. आणि आमचा कलेक्टर, तो सलाइनवरचा कलेक्टर, व्हिडिओतला कलेक्टर, त्यातले दाणे कचाकच खायला लागला! शेपटी तर अशी फिरत होती की पंखा बंद केला तरी चाललं असतं.

"या अल्ला!" रफीकभाई उभे राहिले. "मॅडम, ये क्या?"

"कलेक्टर, सोड! विष आहे ते! सोड!" मी खरकट्या हाताने त्याचा पट्टा ओढू लागले.

साहेबांना मात्र आनंदाचं भरतं आलं. डाव्या हाताने मोबाइल काढून ते चित्रण करू लागले. "ओढू नका! खाऊ द्या, खाऊ द्या! पाहा मंडळी! तक्रारदाराचा कुत्रा आमचं उत्पादन सील फोडून खातोय! शेपूट दाखवतो, शेपूट! मॅडम, आता काय म्हणणं आहे?"

मला काय म्हणणं असणार! माझी समिती, माझा मोर्चा, माझा व्हिडिओ, सगळं त्या कुत्र्याने मिटक्या मारत संपवलं होतं. येमूल काका माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्यांच्या स्वीटीला स्वतःच्या हाताने काहीतरी चारलं होतं. दुकानातल्या त्या पिशव्या आता तशाच विकल्या जाणार, आणि चूक माझी ठरणार!

या सगळ्या गोंधळात सासूबाई वाकल्या. जमिनीवर सांडलेला एक दाणा त्यांनी उचलला, ऑपरेशन झालेल्या डोळ्यापाशी नेला, आणि तोंडात टाकला.

"आई! अहो, काय करताय!"

सासूबाईंनी शांतपणे चावून पाहिलं.

"माझं हाय ह्ये."

"काय?"

"माझं सांडगं हाय. कोहळा लागतोय की."

फक्त कलेक्टरचं कचाकच ऐकू येत होतं. साहेबांच्या उजव्या हातात एक सांडगा होता. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या दाण्यांकडे, मग पुन्हा हातातल्याकडे. तो छान गोल होता. मशीनमधून काढल्यासारखा.

"आई," मी विचारलं, "आत्ता तळलेले कुठले?"

"गच्चीवर धोतरावर व्हते त्ये. म्हटलं न्हाई का, यंदा लई एकसारखे झालेत?"

आम्ही सगळे ह्यांच्याकडे वळलो. हे भिंतीला टेकले होते.

"मला काय माहीत कुठलं कुत्र्याचं?" हे म्हणाले. "दोन्ही तपकिरी! दोन्ही बाबांच्या धोतरावर!"

यावर सासूबाईंचा जो संताप झाला तो मी आयुष्यात पाहिला नव्हता. कुणी काय खाल्लं याचं त्यांना काहीच नव्हतं! "अय्यो! जलमभर माझ्या हातचे सांडगे खाल्लास, अन् तुला वळखू आले न्हाईत? कुत्र्याला कळलं रं! कुत्र्याला कळलं, अन् तुला कळलं न्हाई!"

तोवर साहेब मोरीकडे पळाले होते. बराच वेळ आतून आवाज येत होते. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक, ओळखपत्र पाठीवर. दिवाणावर आडवे होत ते पुटपुटले, "काय होतंय मला? मला कसंतरी होतंय."

रफीकभाईंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि फार प्रेमाने म्हणाले, "साब, तुम्हारा पेट नाजूक होएंगा."

साहेबांनी पडल्या पडल्या मुख्य कचेरीत फोन लावला. मघाचा तो विभागीय अधिकारी कुठे गेला होता कोण जाणे! "माल उचला! सोलापूरचा सगळा माल आजच्या आज उचला! ... नाही, अहवाल नंतर! ... मला कसं माहीत? मला आतून माहीत आहे हो, आतून!"

पुढचं सांगून टाकते. सासूबाईंच्या डब्यात न तळलेले दाणे अजून होते, तोच खरा नमुना म्हणून गेला, आणि त्यात बुरशी निघाली. त्याआधीच, सोमवारी, दुकानांतल्या पिशव्या टेम्पोत भरून गेल्या. दुकानाच्या दारावर कंपनीने 'तांत्रिक कारणास्तव' अशी पाटी लावली. येमूल काका आणि रफीकभाईंनी मला हार घातला. स्वीटी, शेरा आणि कलेक्टर तिघंही ठणठणीत झाले आणि भाकरी-दुधावर परत आले. तेव्हा लढा आम्ही जिंकलो, यात वाद नाही. फक्त कंपनीने कुणाला सॉरी म्हणून शेवटपर्यंत म्हटलं नाही. पाटीवर नाही, कागदावर नाही.

नाही म्हणायला, त्या शनिवारी दुपारी एकदा म्हटलं होतं. ते मी हारतुऱ्यांच्या वेळी भाषणात सांगितलं नाही.

झालं असं, की साहेबांची अवस्था बघून मुख्य कचेरीने त्यांना कंपनीच्या डॉक्टरांशी जोडून दिलं. कंपनी कुत्र्यांची, तेव्हा डॉक्टरही कुत्र्यांचे. साहेबांच्या हातात त्राण नव्हतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर दिवाणावर ठेवला होता. भोवती आम्ही सगळे उभे.

"पेशंटचं वजन?" डॉक्टरांनी विचारलं.

साहेबांनी सांगितलं.

"खाल्लं किती?"

"दोन... दोन वाट्या."

"थांबा, पाकिटावरचा तक्ता बघतो. वजनाप्रमाणे रोजचं प्रमाण दिलेलं असतं. हां, तुमचं वजन मोठ्या जातीच्या कुत्र्यात बसतं. प्रमाणाच्या आत आहात. घाबरू नका, भरपूर पाणी प्या. आणखी कुणी खाल्लंय?"

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. (हा माणूस पुढे कधीच मोठा होणार नाही.)

"मॅडम, आपण किती खाल्लं?"

"साहेबांपेक्षा थोडं जास्त," मी म्हटलं.

"ताट पुसून खाल्लं तिनं," सासूबाईंनी फोनवर वाकून सांगितलं.

"वजन, मॅडम?"

येमूल काका, रफीकभाई, हे, सासूबाई, पुण्याचे साहेब, सगळे कान टवकारून उभे. मी खोकल्यासारखं करून हळूच एक आकडा सांगितला.

"त्यो लग्नातला झाला," सासूबाई म्हणाल्या. "आताचा सांग की! जिवाचा परश्न हाय!"

मी आताचा सांगितला. फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मग पुन्हा उलटल्याचा.

"सॉरी मॅडम," डॉक्टर म्हणाले. "एवढा मोठा कुत्रा आमच्या तक्त्यात नाही."